कंसातली आत्या

मी पाल बोलतेय. दचकू नका, मी वर आहे, भिंतीवरच्या घड्याळामागे, आणि खाली यायचा माझा काही विचार नाही. चप्पल पायातच राहू द्या आणि दोन मिनिटं ऐका.

पाल हे तसं माझं नाव नव्हे. घरी कोणी आलं तर तुम्ही 'माणूस आला, माणूस आला' म्हणून खुर्चीवर चढत नाही. त्याचं नाव विचारता. मलाही नाव आहे. हेमिडॅक्टिलस फ्लाविविरिडिस. लांब आहे हे मला मान्य आहे. हेमिडॅक्टिलस म्हणजे अर्ध्या बोटांची. माझी बोटं कुठे तुटलेली नाहीत. बोटाखालची चिकट गादी टोकापर्यंत न जाता मध्येच संपते, एवढंच ते नाव सांगतं. फ्लाविविरिडिस म्हणजे पिवळी-हिरवी. दीडशे वर्षांपूर्वी तांबड्या समुद्राच्या काठी फिरणाऱ्या एका जर्मन माणसाने माझ्या कोणा पूर्वजाचं पोट पाहिलं आणि हे नाव ठेवलं. पूर्वजाला कोणी विचारलं नव्हतं. पण नाव खोटं नाही, त्यामुळे आमची तक्रार नाही.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचाराल. मला वाचता येत नाही. पण मी अनंत परबांच्या घरी वाढले, आणि तिथे राहून सरड्या-पालींची नावं न शिकणं अवघड होतं.

माझा जन्म मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, परबांच्या बाहेरच्या खोलीतल्या ट्यूबलाइटच्या पट्टीमागे झाला. आईने दोन अंडी घातली आणि ती आपल्या कामाला निघून गेली. आमच्यात बारसं नसतं, पाळणा नसतो, घुगऱ्या नसतात. दुसऱ्या अंड्यातून जे भावंड निघालं ते स्वयंपाकघराकडे गेलं आणि पुन्हा दिसलं नाही. मी ट्यूबलाइट सोडली नाही. संध्याकाळी दिवा लागला की जेवण आपण होऊन येतं, मग हिंडायचं कशाला?

परबांना सगळे भाऊ म्हणत. ते घाटकोपरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. कॉलेजात त्यांना बेडूक, झुरळ आणि गांडूळ शिकवावं लागे, कारण परीक्षेत तेच येई. जीव मात्र सरड्यांच्या नावांत अडकलेला. कोणतं नाव कुठून आलं, कोणी ठेवलं, का ठेवलं, यावर ते मराठीत पुस्तक लिहीत होते. पुस्तक मी जन्मले तेव्हा अर्धं झालं होतं आणि आजही अर्धंच आहे. त्यांच्या पत्नी कुंदाताई पुस्तकाला 'तुमचं ते शेपूट' म्हणत.

भाऊंची एकुलती एक मुलगी पद्मजा. भांडुपला एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती लहान असल्यापासून बापलेकींचा जेवताना एक खेळ चाले. भाऊ नाव टाकायचे आणि तिने अर्थ सांगायचा.

"गेको?" आमटी वाढून घेता घेता भाऊ विचारायचे.

"मलायातल्या लोकांनी पालीच्या आवाजावरून ठेवलं."

"वरॅनस?"

"घोरपड. अरबी शब्द."

"कॅमेलिऑन?"

"जमिनीवरचा सिंह. भाऊ, भात थंड होतोय."

ज्याने त्या कॅमेलिऑनला सिंह म्हटलं त्याने दोघांपैकी एकालाही जवळून पाहिलं नसावं, असं माझं मत आहे. पण हा खेळ मला आवडायचा. आम्हाला पापण्या नसतात, त्यामुळे मी डोळे जिभेने पुसत ऐकत राहायचे. आमचे एक दूरचे नातलग आहेत, त्यांना पापण्या असतात. त्यांचं नावच यूब्लेफारिस, म्हणजे छान पापण्यांचे. हे नाव निघालं की मी ट्यूबलाइटमागे जायचे.

चौऱ्याऐंशी सालच्या लग्नसराईत पद्मजाचं जमलं. मुलगा चंद्रप्रकाश सावंत, बोरिवलीचा, अंधेरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वडील गुणाजी गिरणीतून निवृत्त झालेले, आई शेवंतीबाई. मुलगा-मुलगी दोनदा भेटली, दोघांनी होकार दिला, आणि एका रविवारी सावंत मंडळी बैठकीला मुलुंडला आली.

माणसांची बैठक मी त्याआधी पाहिली नव्हती. दोन्हीकडची माणसं समोरासमोर बसतात, पोहे खातात आणि सगळं आधीच ठरलेलं असूनही पहिल्यांदाच बोलत असल्यासारखं बोलतात. भाऊ या कामात कच्चे. त्यांनी हॉल आणि तारीख गुणाजींवर सोपवली आणि चंद्रप्रकाशला खिडकीपाशी नेलं. खाली कंपाउंडच्या तारेवर एक सरडा मान हलवत बसला होता.

"तो बघा, कॅलोटिस व्हर्सिकलर," भाऊ म्हणाले. "कॅलोटिस हा शब्द ग्रीक, सौंदर्यावरून आलाय म्हणतात. व्हर्सिकलर म्हणजे रंग बदलणारा. पण गंमत पुढेच आहे. ज्या फ्रेंच माणसाने याला पहिल्यांदा नाव दिलं, त्याने याला दुसऱ्याच कुळात घातलं होतं. अगामा व्हर्सिकलर. पुढे लोकांनी त्याला तिथून काढून कॅलोटिसमध्ये आणलं."

"म्हणजे आडनाव बदललं," चंद्रप्रकाश म्हणाला.

"अगदी बरोबर! आडनाव बदललं. पण व्हर्सिकलर कोणी बदललं नाही. बदलताच येत नाही. पहिल्यांदा ठेवलेलं नाव शेवटपर्यंत टिकतं, हा नियम आहे, साऱ्या जगात. आणि ज्याने ते ठेवलं त्याचं नाव सालासकट पुढे कंसात लिहायचं. कंस कशासाठी? तर वाचणाऱ्याला कळावं, की हा प्राणी आता दुसऱ्या घरी आहे, पण नाव याने दिलंय."

"झकास आहे," चंद्रप्रकाश म्हणाला. तो खरोखर ऐकत होता, हे मी वरून सांगू शकते. भाऊंचं ऐकणारा माणूस आम्हाला लगेच ओळखू येतो, कारण असे फार नसतात.

नेमक्या त्याच वेळी शेवंतीबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विषय काढला.

"आणि एक रवलाच. आमच्यात सुनेचा नाव बदलतत. रोहिणी ठेवूचा असा ठरलाहा. चंद्रप्रकाशाक शोभता. तर भांड्यांवर नाव घालशात तां नव्याच नावाचा घाला. जुन्या नावाची भांडी घरात इली की जुना नावय जात नाय."

पद्मजा चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने भाऊंकडे पाहिलं. कुंदाताईंनीही पाहिलं. चंद्रप्रकाशने पाहिलं. मीसुद्धा पाहिलं. सरड्याच्या नावासाठी साऱ्या जगाचा नियम सांगून जेमतेम घोटभर वेळ झाला होता.

भाऊंनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"बरं," ते म्हणाले.

त्याच क्षणी कॅलेंडरमागून एक परकी पाल माझ्या ट्यूबलाइटकडे सरकली आणि मी तिला दम भरला. माणसं याला चुकचुकणं म्हणतात. खाली सगळ्यांची बोटं टेकली. शेवंतीबाईंनी जमिनीवर बोट टेकवून "सत्य, सत्य" म्हटलं आणि समाधानाने कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताईंनी बोट टेकवून "कृष्ण, कृष्ण" म्हटलं, ते अशुभ टळावं म्हणून. मी फक्त माझ्या जागेबद्दल बोलत होते. कोणाला शंका आली की त्याच्या मनात पाल चुकचुकली असं मराठीत लिहितात, तेही मला ठाऊक आहे. मी आजवर कोणाच्या मनात गेलेले नाही.

त्या संध्याकाळी जेवताना भाऊंनी नेहमीसारखं नाव टाकलं.

"सिटाना पाँडिसेरियाना?"

पद्मजा जेवत राहिली. पाँडिचेरीवरून पडलेलं नाव ते. तिला पाचवीपासून येत होतं.

"पद्मू, सिटाना..."

"भाऊ, रंग बदलणाऱ्या सरड्याचं नाव कोणी बदलायला निघालं तर तुम्ही जगाशी भांडाल," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मी सरडा असते तर बरं झालं असतं."

"अगं, मुलीकडची बाजू आपली. त्यांच्यात रीत आहे. उगाच एका नावावरून बिनसलं तर?"

"मोडा असं मी म्हणतच नाही. चंद्रप्रकाश मला आवडलाय. पण मी बोलले असते तर आगाऊ ठरले असते. तुम्ही बोलला असतात तर त्यांनी निदान विचार केला असता. एकदा 'नको' म्हणून बघायचं होतं."

भाऊंनी भातात आमटी घेतली आणि ती कालवत बसले. खेळ त्या दिवशी बंद पडला. पुढे रोज जेवणं होत, आमटी वाढली जाई, पण कोणी नाव टाकत नसे. मला वाईट वाटलं. पालीला वाईट वाटतं का, यावर शास्त्रात काही लिहिलेलं नाही, पण मी किडे टिपायला दोन दिवस उतरले नाही, हे खरं आहे.

लग्न चार दिवसांवर आलं तेव्हा भांडी आली. स्टीलचा आख्खा संसार, डबे, पातेली, परात, झाकणाचं मोठं पिंप. भाऊ स्वतः बाजारात जाऊन नावं घालून घेऊन आले होते. भाऊ कधी बाजारात जात नसत. कोथिंबीर आणायला पाठवलं तर हातात दुसरीच जुडी घेऊन येतील आणि तिचं कूळ सांगत बसतील, अशी त्यांची ख्याती. कुंदाताईंना तेव्हाच संशय यायला हवा होता. पद्मजा बांगड्या भरायला गेली होती. कुंदाताईंनी एक डबा वर्तमानपत्रातून सोडवला आणि उजेडाकडे धरला.

"अहो, हे काय लिहून आणलंत? 'पद्मजा सावंत'? रोहिणी घालायचं ठरलं होतं ना?"

"त्यांनी ठरवलं. मी 'बरं' म्हटलं."

"बरं म्हणजे हो!"

"नियमात 'बरं'ला काही जागा नाही," भाऊ म्हणाले. ते घामाघूम झाले होते आणि नजर मिळवत नव्हते. "पहिलं नाव टिकतं, कुंदा. मला तेव्हा बोलता आलं नाही. मी काय करू, मला समोरासमोर बोलता येत नाही. म्हणून लिहून आणलं."

कुंदाताईंनी डबा पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

"आणि हे पुढे काय? कंसात 'लता, १९६१'?"

"लताने ठेवलं ना नाव. बारशाला. तू पाळण्यापाशीच होतीस."

लता म्हणजे भाऊंची धाकटी बहीण, पद्मजाची आत्या. तुमच्यात बाळाचं नाव आत्याने ठेवायचं असतं. ती पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत गुद्दे घालतात. नाव ठेवणाऱ्याला लगेच मार मिळण्याची ही पद्धत शास्त्रज्ञांमध्येही असती, तर बरीच नावं जरा विचार करून ठेवली गेली असती.

"नाव मी सुचवलं होतं!" कुंदाताई म्हणाल्या. "नऊ महिने पोटात मी वागवलं, नाव मी शोधलं, आणि सगळ्या भांड्यांवर माझ्या नणंदेचं नाव?"

"सुचवणं वेगळं आणि जाहीर करणं वेगळं. चारचौघांत जो पहिल्यांदा जाहीर करतो, त्याचंच नाव लागतं. मला तुझं घालायचं होतं गं. पण ते चुकीचं झालं असतं."

कुंदाताईंनी डबा मांडीवर घेतला. मग त्यांनी पदराने तो पुसला आणि परत कागदात गुंडाळला.

"आता दुसरी आणायला वेळ नाही," त्या म्हणाल्या. "रुखवतात सगळी भांडी भिंतीकडे नावं करून मांडायची. पद्मूला एक अक्षर सांगायचं नाही. तिकडे वाचतील तेव्हा वाचतील, आणि मग देव बघून घेईल."

माझ्या आयुष्यातली मोठी चूक मी त्याच दुपारी केली. पिंपात काय आहे ते बघायला आत गेले. आत थंड होतं आणि मला बरं वाटलं. तेवढ्यात वरून झाकण बसलं.

पुढचे दिवस मी अंधारात काढले. लग्न मुलुंडलाच एका हॉलवर लागलं, ते मी ऐकलं. मंगलाष्टकं स्टीलच्या आतून ऐकली तर जास्त लांबल्यासारखी वाटतात. मग पिंप उचललं गेलं, टेंपोत पडलं आणि हलत राहिलं. मुलुंड आणि बोरिवलीच्या मध्ये फक्त एक डोंगर आणि जंगल आहे. आमच्यापैकी कोणी तिथून सरळ चालत गेलं असतं तर पोचलं असतं. माणसांना वळसा घालावा लागतो, त्यामुळे मला घोडबंदरचे सगळे खड्डे पाठ झाले.

झाकण उघडलं तेव्हा उजेडात शेवंतीबाईंचा चेहरा होता.

"अगो बाय माझे, पाल!"

"मारा ती आधी!" दुसऱ्या कोणीतरी म्हटलं. ही शेजारची प्रेमा, हे मला नंतर कळलं.

"मारू नको गो. आज घरात नवी सून इली, आज खयची पाल मारतत? लक्षुमी ती."

मी भिंत गाठली आणि तिथून घड्याळाच्या मागे शिरले. तेच माझं आताचं घर. तिथून खोली पूर्ण दिसत होती. दारात माप ओलांडून झालं होतं, लक्ष्मीपूजनाची तयारी होती. पाटावर पद्मजा आणि चंद्रप्रकाश, समोर ताटात पसरलेले तांदूळ. चंद्रप्रकाशच्या हातात सोन्याची अंगठी होती. त्या अंगठीने तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना सांगायचं आणि पेढे वाटायचे, अशी रीत. गुणाजी खुर्चीत बसले होते. पद्मजा खाली बघत होती. मुलुंडच्या घरात मी तिला माझ्या जन्मापासून बघत आले होते, पण तिची मान अशी खाली मी पाहिली नव्हती.

प्रेमा भांडी मांडत होती. तिने एक डबा उचलला आणि मोठ्याने वाचला.

"पद्मजा सावंत, कंसात लता, एकोणीसशे एकसष्ट."

अंगठी थांबली. शेवंतीबाईंनी दुसरा डबा उचलला, प्रेमाने तोही वाचला. परात वाचली. पिंप वाचलं. सगळीकडे तेच.

"पद्मजा? रोहिणी घालूक सांगितलेला मा मी?" शेवंतीबाई म्हणाल्या. "आणि ही लता कोण? एक नाव बदलूक गेलंय, तर हिची आधीच दोन नावां!"

"एकोणीसशे एकसष्ट किंमत असेल," प्रेमा म्हणाली.

"एका डब्याची?" गुणाजी खुर्चीतून म्हणाले.

चंद्रप्रकाशने डबा हातात घेतला. त्याने कंस पाहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू ओळख उमटली. त्याने डबा पद्मजाच्या मांडीवर ठेवला.

पद्मजाने वाचलं. अक्षरांवरून बोट फिरवलं, पुन्हा कंसापासून कंसापर्यंत फिरवलं. मग ती रडायला लागली आणि त्यातच हसायलाही लागली. नवी नवरी पाटावर हसली हे प्रेमाने नंतर आख्ख्या मजल्याला सांगितलं. रडली ते सांगितलं नाही.

"व्हर्सिकलर," पद्मजा म्हणाली. "माझ्या भाऊंनी..."

"काय म्हणता ही?" शेवंतीबाईंनी मुलाला विचारलं.

"आई, लता माझी आत्या," पद्मजाने डोळे पुसले. "बारशाला तिने माझं नाव ठेवलं, एकसष्ट साली. भाऊ प्राण्यांची नावं शिकवतात. त्यांच्यात असा नियम आहे, की प्राणी एका कुळातून दुसऱ्या कुळात गेला तर कुळाचं नाव बदलतं, पण त्याचं स्वतःचं पहिलं नाव तेच राहतं. आणि ज्याने ते ठेवलं त्याची आठवण कंसात ठेवतात. मी परबांची सावंतांची झाले, म्हणून कंस. त्यांनी तुमचा अपमान करायला नाही लिहिलं. त्यांना बोलता येत नाही, आई. त्यांनी तुम्हाला 'बरं' म्हटलं आणि मग घरी जेवले नाहीत नीट."

"मेल्या प्राण्यांका नियम आसा, आणि बायलांका नाय," शेवंतीबाई म्हणाल्या. हे त्या रागाने म्हणाल्या की नवलाने, मला घड्याळामागून नीट कळलं नाही. त्या खाली बसल्या. भांडं हातातच होतं.

"माजाव बदललेला," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या.

"काय नाव होतं आई तुमचं?"

चंद्रप्रकाशने आईकडे पाहिलं. त्यालाही हे माहीत नसावं.

"मालन. आतेन ठेयलेला. माजी आते भारी होती, माका खांद्यार घेवन शेतात जाय. लग्न झाला आणि ह्यांच्या आयेन शेवंती केल्यान. माका कोण इचारल्यानी नाय. म्हायेराक गेलंय की आते हाक मारी, मालन. आते गेली, मगे कोणूच नाय मारूक." त्यांनी भांड्यावरच्या कंसावर बोट ठेवलं. "माज्या कंसात कोण येतला मगे?"

"तुमची आत्या," पद्मजा म्हणाली. "मालन सावंत, आणि कंसात त्यांचं नाव. नियमाने तेच खरं."

"तांदळात तां शेवंती मीच लिवलंय," गुणाजी अचानक म्हणाले. सगळे त्यांच्याकडे वळले. ते मोठ्याने बोलणारे गृहस्थ नव्हते. "आंगठी माज्याच हातात होती. आयेन सांगलान आणि मी लिवलंय."

प्रेमा हातात परात घेऊन तशीच उभी राहिली. शेवंतीबाईंनी ताट पुढे ओढलं. चंद्रप्रकाशने 'रो' लिहून ठेवला होता. त्यांनी तळहाताने तांदूळ सपाट केले आणि ताट परत मुलापुढे सरकवलं.

"आसा तांच लिव."

"आई, नक्की? लोक विचारतील..."

"लोकांका भांडी दाखयतलंय. लिव रे मेल्या, चेडू पाटार बसून कंटाळला."

त्याने लिहिलं. अंगठी तांदळातून फिरताना बारीक करकर आवाज येतो. मी तो पहिल्यांदा ऐकला. मग पेढे वाटले आणि जिचं नाव सगळ्यांना आधीच ठाऊक होतं तिचं नाव सगळ्यांना सांगण्यात आलं. मी घड्याळामागून चुकचुकले. या वेळी दम भरायला कोणी परकं नव्हतं.

पाचपरतावणाला लेकीला न्यायला भाऊ आणि कुंदाताई बोरिवलीला आले. भाऊंनी दारातच हात जोडून काहीतरी माफीचं बोलायला सुरुवात केली. शेवंतीबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला, कंसासकट नाव घातलेल्या ताटलीवर. भाऊंनी ताटलीकडे पाहिलं आणि जोडलेले हात खाली घेतले.

"भाऊ," पद्मजा स्वयंपाकघरातून म्हणाली, "सिटाना पाँडिसेरियाना. पाँडिचेरीची."

भाऊंनी चष्मा काढला आणि पुसला. बराच वेळ पुसला. मग वर बघता बघता त्यांना मी दिसले. माझी शेपटी एकदा तुटून वाकडी उगवली आहे, त्यामुळे ओळखायला सोपी.

"अरे, ही आमची मुलुंडची!"

"आता आमची," शेवंतीबाई म्हणाल्या.

मी आता इथेच असते. किडे मुलुंडइतके जाड नाहीत, पण जागा हवेशीर आहे. भाऊंच्या मते माझ्या नावापुढे कंस येत नाही, कारण माझं कूळ कधी बदललेलं नाही, फक्त घर बदललं. मी पिंपातून आले, खड्डे सोसले, तरी नाही. नियम म्हणजे नियम. तुमच्याकडे माझी एवढीच विनंती आहे, की झाडू उचलण्याआधी एकदा नाव विचारा. विचारायला लागलात की झाडू आपोआप कोपऱ्यात परत जातो, असा माझा अनुभव आहे. तुमच्या घरातही विचारून बघा, सगळ्यांना.

कालचीच गोष्ट सांगते आणि घड्याळामागे जाते. गुणाजी बायकोला नावाने हाक मारत नाहीत. त्यांच्यात तशी पद्धत नाही. 'अगो' म्हणतात, आणि त्या वळतात. काल दुपारी ते पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर खाली घेतला, घसा साफ केला, आणि हाक मारली.

"मालन, चाय ठेव गो."

शेवंतीबाई भांडी पुसत होत्या. त्या पुसतच राहिल्या. एक डबा पुसून झाला, तो फळीवर गेला, दुसरा हातात आला. मग त्यांचा हात थांबला, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं, की हाक कोणाला मारली.